वर्डमधला तक्ता एक्सेलमध्ये नेताना

नंदुरबार

चि. सुनंदा,


अक्कलकुव्याला पंचायत समितीत तू संगणकाच्या कामावर रुजू झालीस आणि आल्याआल्याच वर्डच्या फायलींमधले तक्ते एक्सेलमध्ये घेण्याचं काम तुझ्या वाट्याला आलं, हे तुझ्या पत्रावरून कळलं. त्यात तू लिहिलं आहेस की यात शिकण्यासारखं काही नाही, कॉपी करायचं आणि पेस्ट करायचं. त्या एका वाक्यासाठी हे लांबलचक पत्र लिहितो आहे. तक्ता एका फायलीतून दुसरीत जातो तेव्हा त्यातली प्रत्येक नोंद नेमकी काय आहे, संख्या आहे की क्रमांक, तारीख आहे की गट नंबर, हे नव्याने ठरतं. ते तू ठरवलं नाहीस तर एक्सेल परस्पर ठरवून मोकळं होतं, आणि ठरवलं हे बहुधा सांगतही नाही. म्हणून या कामाला नक्कल म्हणायला माझं मन तयार नाही, आणि मूळ कागदाशी ताळा जुळेपर्यंत ते पूर्ण झालं असंही मी मानत नाही.

आधी वर्डमधला तक्ता कशासाठी बनलेला असतो ते पाहा. तो छापून वर पाठवण्यासाठी, माणसाने डोळ्यांनी वाचण्यासाठी केलेला असतो. वाचणारा माणूस समजून घेतो. गावाचं नाव मधोमध जाड अक्षरात एकदाच लिहिलं तरी खालच्या वीस ओळी त्याच गावाच्या आहेत हे त्याला कळतं. 'वरीलप्रमाणे' लिहिलेलं कळतं, दोन टिंबांची खूण कळते, 'निरंक' म्हणजे शून्य आणि आडवी रेघ म्हणजे माहिती आली नाही, हेही कार्यालयात बसणाऱ्याला सवयीने कळतं. एक्सेलला यातलं काहीच कळत नाही. तिथे प्रत्येक ओळ स्वतःच्या पायावर उभी राहावी लागते. एकदा कोणी नावाप्रमाणे यादी लावली की 'वरीलप्रमाणे' लिहिलेली ओळ भलत्याच ओळीखाली जाऊन बसते आणि एका गावचा माणूस दुसऱ्या गावचा होतो. 'निरंक'च्या जागी कोणी शून्य टाकतं, कोणी चौकट रिकामी ठेवतं, मग सरासरी काढताना रिकाम्या चौकटी मोजल्याच जात नाहीत आणि सरासरी उगाच वाढते. एकाही आकड्याला हात न लावता अर्थ बदलतो तो असा. म्हणून तक्ता उचलण्याआधी तो वाचून काढ. गावाचं नाव प्रत्येक ओळीत भरून घे, 'वरीलप्रमाणे' जिथे जिथे आहे तिथे खरी नोंद लिही, निरंक आणि अप्राप्त यांच्यात फरक ठेव, आणि पानोपानी हाताने लिहिलेल्या 'एकूण'च्या ओळी बाजूला काढ. त्या राहिल्या तर बेरीज दुप्पट येते.

आता तारखांचं बघ, कारण आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त नुकसान तिथे होऊ शकतं असं मला वाटतं. अंगणवाडीच्या तक्त्यात बालकाचं नाव, जन्मतारीख, वजन, उंची आणि श्रेणी असे रकाने असतात. समज, एका बाळाची जन्मतारीख ०७/०५/२०२३ आहे, म्हणजे ७ मे. संगणकाची तारखेची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल, आणि नव्या यंत्रात ती बरेचदा तशीच असते, तर एक्सेल हीच तारीख ५ जुलै म्हणून घेतं. बाळ कागदावर दोन महिन्यांनी लहान झालं. वजन तेच राहिलं, पण वयाच्या मानाने अपेक्षित वजन खाली आलं. तीव्र कमी वजनाच्या यादीत जे बाळ असायला हवं ते आता त्या यादीबाहेर असू शकतं. त्याच्या खालच्या ओळीतली १५/०५/२०२३ ही तारीख मात्र एक्सेलला तारीख म्हणून घेताच येत नाही, कारण पंधरावा महिना नसतो. ती साधा मजकूर म्हणून पडून राहते आणि वय काढायला गेलं की चूक दाखवते. ती तू लगेच दुरुस्त करशील. ओरडणारी चूक सापडते. महिन्याच्या १२ तारखेपर्यंत जन्मलेली बाळं मात्र मुकाट्याने बदललेल्या वयानिशी पुढे जातात. हे ओळखायची एक सोपी खूण आहे. रकान्याची डावी-उजवी बाजू तू मुद्दाम बदललेली नसेल तर संख्या आणि तारीख उजवीकडे टेकतात, मजकूर डावीकडे टेकतो. जन्मतारखेच्या रकान्यात काही नोंदी डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या तर थांब. डावीकडच्यांपेक्षा उजवीकडच्यांवर जास्त संशय घे.

हाच प्रकार गट नंबरचा. वनदाव्यांच्या यादीत किंवा सातबाऱ्यावरून घेतलेल्या तक्त्यात इंग्रजी आकड्यांत १२/२ असं लिहिलेलं असतं, म्हणजे गट १२ चा दुसरा हिस्सा. पेस्ट करताच एक्सेल त्याची १२ फेब्रुवारी करतं, किंवा यंत्राच्या मांडणीप्रमाणे २ डिसेंबर. पुढच्याच ओळीतला ११२/३ जसाच्या तसा राहतो. नंतर रकाना मजकुराचा केला तरी मूळ नोंद परत येत नाही, तिथे पाच आकडी अनोळखी संख्या उभी राहते, कारण आत तारीख म्हणून तेच साठवलेलं असतं. क्षेत्राचंही जपून बघावं लागतं. १ हेक्टर २० आर हे १.२० असं लिहिलेलं असतं. एक्सेल शेवटचं शून्य टाकून १.२ दाखवतं. गणिताने ते बरोबरच आहे, पण वाचणारा त्याला १ हेक्टर २ आर समजला तर अठरा आर जमीन कागदावरून गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसलेल्या जमिनीचा हक्क मागणाऱ्या माणसाच्या हातात पुराव्याचे मोजके कागद असतात. त्यातल्या एकावरचा गट नंबर आपल्या कार्यालयात तारीख होऊन बसला, तर त्याला ते कळायलाही मार्ग नाही.

तू म्हणशील, इतकी बारीक चूक जगात कोणी तरी पकडली असेलच, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी सुधारली असेल. पकडली गेली आहे, पण कशी ते ऐक. जनुकांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांकडे 'मार्च १' आणि 'सेप्ट २' अशी जनुकांची लघुनावं होती आणि एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. २०१६ साली 'जीनोम बायोलॉजी' या नियतकालिकात आलेल्या पाहणीत, ज्या शोधनिबंधांना जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या होत्या त्यांतल्या सुमारे एक पंचमांशांत ही चूक आढळली. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांची नावंच बदलली. त्यानंतर, २०२३ मध्ये, एक्सेलच्या नव्या आवृत्तीत हे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय आली. शिकलेसवरलेले, आकड्यांतच आयुष्य घालवणारे लोक वर्षानुवर्षं फसले, यावरून एवढंच घे की हुशारी असून हा धोका टळत नाही, तपासूनच टळतो. त्यांना नावं बदलता आली. आपल्याला अक्राणी तालुक्याच्या डोंगरातल्या शेताचा गट नंबर बदलता येत नाही.

लांब क्रमांकांबद्दल तुला जास्तच सांगावंसं वाटतं. देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला. तो क्रमांक १२ अंकी असतो, आणि नेहमीच्या मांडणीतल्या रकान्यात एक्सेल ११ अंकांपर्यंतचीच संख्या पूर्ण दाखवतं. बारावा अंक आला की ती दशांश चिन्ह आणि घातांक लावून आखूड करून दाखवतं. आत अंक शाबूत असतात, हे खरं. पण तीच फाइल कोणी सीएसव्ही म्हणजे साध्या मजकुराच्या रूपात जतन करून पुढे पाठवली की जे दिसतं तेच लिहिलं जातं आणि शेवटचे अंक कायमचे जातात. बँकेच्या खात्यांचं याहून वाईट. एक्सेल १५ अंकांपुढे अचूक राहत नाही, त्यामुळे १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. शून्याने सुरू होणाऱ्या खात्याचं सुरुवातीचं शून्य गळतं. यातला एकही क्रमांक मोजण्यासाठी नाही. कोणी दोन खाते क्रमांकांची बेरीज करत नाही. तेव्हा ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही ते मजकूर म्हणूनच आत यायला हवं, मग ते कितीही आकड्यांसारखं दिसो. आणि आधारपुरतं एक वेगळं सांगतो. पूर्ण क्रमांक ठेवणं त्या कामासाठी खरोखर आवश्यक आहे का, हे वरिष्ठांना विचारून घे. नसेल तर शेवटचे चार अंक पुरेत, आणि तशी फाइल मोबाइलच्या ग्रुपवर कधीही टाकू नकोस.

प्रत्यक्ष रीत अशी ठेव. मूळ फाइलला हात लावायचा नाही, तिची प्रत करून त्या प्रतीवर काम करायचं. वर्डमध्ये एकाच चौकटीत दोन-तीन ओळी असतील, म्हणजे मध्ये एंटर दाबलेलं असेल, तर पेस्ट केल्यावर त्या चौकटीच्या एक्सेलमध्ये तितक्याच ओळी होतात आणि खालचं सगळं सरकतं. पत्त्याच्या रकान्यात हे हमखास होतं. म्हणून आधी फक्त तक्ता निवडून 'शोधा आणि बदला'मध्ये परिच्छेदाची खूण घे, स्पेशल बटणाखाली ती मिळते, आणि तिच्या जागी यादीत कुठेच नसलेली एखादी खूण घाल, जशी दोन उभ्या रेघा. मग तक्त्याच्या लेआउटमधून तो टॅबने वेगळा केलेला मजकूर कर आणि साधी टेक्स्ट फाइल म्हणून जतन कर. जतन करताना युटीएफ-८ निवड, नाहीतर सगळ्या मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतील. एक्सेलच्या डेटा मेनूतून ती टेक्स्ट फाइल आत घे आणि रकान्यांचे प्रकार ओळखू नकोस असा पर्याय निवड. सगळं मजकूर म्हणून येईल. आता एकेक रकाना तू स्वतः ठरव. वजन, उंची, रक्कम यांची संख्या कर. जन्मतारीख भारतीय मांडणी सांगून तारीख कर. गट नंबर, खातं, गावाचा कोड तसेच राहू दे. तक्ता लहान असेल तर आधी रिकाम्या रकान्यांना मजकुराचं रूप दे आणि पेस्ट स्पेशलमधून टेक्स्ट निवडून चिकटव, तेही चालतं. साधं पेस्ट तेवढं टाळ.

जुन्या फायलींत आणखी एक अडचण येते. कृतिदेव किंवा सुरेखसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं एक्सेलमध्ये आली की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. फॉन्ट बदलून ती डोळ्यांना मराठी दिसतील, पण आत इंग्रजी अक्षरंच राहतात, त्यामुळे शोध लागत नाही आणि युनिकोडमधल्या यादीशी एकही नाव जुळत नाही. आधी वर्डमध्येच परिवर्तकातून युनिकोड करून घे आणि रफार, जोडाक्षरं डोळ्यांखालून घाल.

या सगळ्यावर पहिला आक्षेप तू असा घेशील. इतका खटाटोप करण्यापेक्षा समोर छापील प्रत ठेवून हाताने टाइप केलेलं काय वाईट, निदान प्रत्येक आकडा नजरेखालून जातो. माझं उत्तर असं. हाताने टाइप करताना होणाऱ्या चुका विखुरलेल्या असतात. एका ओळीत ८.०५ किलोचं ८.५ होतं, दुसरीकडे बँकेच्या आयएफएससी कोडातल्या पाचव्या जागेवरच्या शून्याऐवजी ओ हे अक्षर पडतं, तिसरीकडे एक ओळच सुटते. या चुकांना ना नियम, ना माग. यंत्राने केलेली चूक मात्र पूर्ण रकान्यात एकाच रीतीने होते, त्यामुळे ती एकदा ओळखली की सगळीकडे सापडते आणि मूळ फाइल हाताशी असेल तर पाच मिनिटांत पुन्हा बरोबर घेता येते. मूळ कागद फक्त छापील किंवा हस्तलिखित असेल तर टाइप करण्यावाचून इलाज नाही, तिथे एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने पडद्यावर बघायचं ही जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. माहिती आज संध्याकाळपर्यंत हवी असते, आणि एकूण बेरीज जुळली की बाकी कोण बघतं? बेरीज जुळणं हा अर्धाच ताळा आहे. एक्सेलमध्ये कोणी एकच रकाना निवडून क्रमवारी लावली आणि बाकीचे रकानेही सोबत घ्यायचे का, या प्रश्नाला नाही म्हटलं, तर तो रकाना एकटाच वरखाली होतो. प्रत्येकाच्या नावापुढे दुसऱ्याची रक्कम येते, आणि बेरीज तरीही पैशासकट तीच राहते. म्हणून बेरजेसोबत ओळी मोज, गावनिहाय मोज, आणि प्रत्येक पानाची पहिली, शेवटची आणि मधली एखादी ओळ मूळ प्रतीशी आडवी ताडून बघ. ओळी न मोजल्याने काय होतं याचं उदाहरण इंग्लंडचं आहे. २०२० मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत करोनाच्या तपासण्यांचे निकाल जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये घेतले जात होते. त्या प्रकारात ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. पुढच्या नोंदी गळत गेल्या, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातल्या १५,८४१ बाधितांची नोंद वेळेवर झाली नाही, त्यांच्या संपर्कात आलेल्यांपर्यंत पोहोचायला उशीर झाला. पाठवलेल्या आणि मिळालेल्या ओळी रोज मोजल्या असत्या तर ही उणीव त्याच दिवशी दिसली असती. त्याला किती वेळ लागला असता, याचा विचार कर.

दोन याद्यांची जोडणी नावांवरून करू नकोस, हे आपल्या भागात तर विशेष. अक्कलकुव्याच्या एकाच गावात वसावे, पाडवी, तडवी, वळवी आडनावांची आणि मिळत्याजुळत्या नावांची कितीतरी माणसं सापडतील, धडगावकडे पावरांचं तसंच. व्ही-लुकअप जे नाव आधी सापडेल त्याचीच माहिती देतं आणि दुसरा तसाच माणूस आहे का हे बघतही नाही. तालुक्याच्या नावाचंही तसं. एकाच तालुक्याला कोणी अक्राणी लिहितं, कोणी धडगाव, आणि गोषवाऱ्यात सहाच्या जागी सात तालुके उभे राहतात. त्यासाठी शासनाने गावांना, तालुक्यांना कोड दिलेले आहेत. ते प्रत्येक ओळीत घाल आणि गाव-तालुक्यांची जोडणी त्यांच्यावरच कर, माणसांची त्यांच्या स्वतंत्र क्रमांकावर.

तिसरा आक्षेप तुला लगेच सुचणार नाही, पण कधी तरी मनात येईल. मूळ तक्ताच चुकीचा असेल तर माझा काय दोष? मूळ तक्त्यात चुका असतात, हे खरंच आहे. एखाद्या पाच महिन्यांच्या बाळाचं वजन १८ किलो लिहिलेलं तुला सापडेल. ते तू मनाने १.८ किंवा ८.१ करू नकोस. शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना ठेव, तिथे शंका लिही आणि ज्या अंगणवाडीतून किंवा ग्रामपंचायतीतून तक्ता आला तिला विचार. आणण्याचं काम आणि दुरुस्तीचं काम वेगवेगळं ठेवलं तरच नंतर कोणी विचारल्यावर सांगता येतं की हा आकडा असाच आला होता. हल्ली तक्ता वाचून देणारी नवी साधनं आली आहेत, ती तू जरूर वापर. पण ती अस्पष्ट अंकाच्या जागी शोभेल असा अंक घालू शकतात, म्हणून त्यांच्याकडून आलेल्या तक्त्यालाही हाच ताळा लाव.

इतका आग्रह का धरतो, तर आपल्या जिल्ह्यात यादीत नाव असणं किंवा नसणं याला फार मोठी किंमत आहे. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, ती अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. कोण प्रकल्पबाधित आणि कोण नाही, या याद्यांवरून तिथल्या कुटुंबांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. २०१८ पासून नंदुरबार देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे, आणि आरोग्य, पोषण, शिक्षणाच्या ज्या निर्देशकांवर त्याची प्रगती मोजली जाते ते गावातल्या आणि तालुक्यातल्या अशाच तक्त्यांवरून उभे राहतात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे ज्याचं नाव किंवा खाते क्रमांक चुकला तो स्वतः यादी वाचून चूक दाखवेल, या भरवशावर आपल्याला राहता येत नाही. त्याला कळेल तेव्हा रक्कम परत गेलेली असेल किंवा मुदत संपलेली असेल. त्याच्या आणि त्या चुकीच्या मध्ये तुझ्याखेरीज दुसरं कोणी असेलच असं नाही.

सध्या हातात असलेल्या फायलींपैकी जन्मतारखांची यादी आधी घे. ज्या यंत्रावर काम करतेस त्याची तारखेची मांडणी कोणती आहे ते बघ, आणि आधीच पुढे पाठवलेल्या यादीतल्या १ ते १२ तारखेच्या नोंदी मूळ प्रतीशी पुन्हा ताडून घे. फरक निघाला तर सुधारलेली यादी कोणत्या ओळी बदलल्या त्या कळवून लगेच पाठव, थांबू नकोस. परिवर्तकात कुठे अडलं तर कळव.

तुझा
काका